नदीपलीकडची डॉक्टरकी

विंडसरच्या नदीकाठी उभे राहिले की समोर डेट्रॉइटच्या उंच इमारती दिसतात. कॅनडा वर आणि अमेरिका खाली, हे नकाशात पाठ केलेले इथे उलटे होते. अमेरिका चक्क उत्तरेला दिसते. मोटारींच्या कारखान्यातल्या नोकरीसाठी पुण्याहून इथे आलेल्या एका इंजिनीयरची मुलगी रोज संध्याकाळी ते दिवे पाहत मोठी झाली. त्या दिव्यांच्या देशात आपण परक्या ठरतो, हे तिला तेविसाव्या वर्षी कळले.

तिला डॉक्टर व्हायचे होते. आपल्यासारखे बारावीनंतर थेट एमबीबीएस तिकडे नसते. आधी पदवी, मग चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण. पदवीला उत्तम गुण मिळाले, तरी ऑन्टॅरिओतल्या कॉलेजांनी तिला लागोपाठ दोन वर्षे नकार कळवला. देशात मेडिकल कॉलेजे जेमतेम दीड डझन, आणि बहुतेक प्रांत जागा आपल्याच मुलांसाठी राखतात. पुण्याहून आजी फोनवर विचारी, “एवढी हुशार पोर, मग नापास कशात झाली?” नापास झालेली नाही, हे आजीला पटवता पटवता आईचेच डोळे भरून येत.

तेव्हा वडिलांनी पलीकडचा विषय काढला. पण अमेरिकेतली अनेक कॉलेजे परदेशी विद्यार्थ्यांचा अर्ज पाहतच नाहीत, आणि सरकारी कॉलेजांचा ओढा आपापल्या राज्यातल्या मुलांकडे. वडिलांची जुनी चौकडीची वही घेऊन ती पंधरा दिवस एकेक नाव खोडत बसली. कॅनडाच्या मुलांना घेणारी एकोणीस कॉलेजे उरली. या कामाला फी पडत नाही. न खोडता अर्ज केले तर मात्र प्रत्येक नावामागे पडते.

एक गोष्ट तिच्या बाजूची होती. इतर देशांतून पदवी घेतलेल्यांना बऱ्याच कॉलेजांत आधी अमेरिकेत किंवा कॅनडात काही शिक्षण घ्यावे लागते. तिची कॅनडातली गुणपत्रिका ‘ॲमकॅस’ या अर्ज-केंद्रात अमेरिकन मुलांच्या गुणपत्रिकेसारखीच तपासली जाणार होती. साडेसात तासांची एमकॅट परीक्षाही तिने आधीच दिली होती.

अडले ते निबंधापाशी. डॉक्टर का व्हायचे, हे मोकळ्या जागांसकट ५,३०० अक्षरांत सांगायचे. पहिला मसुदा मानवसेवेने ओथंबलेला होता. आईने वाचून कागद परत दिला. “हे कुणीही लिहील. त्या सरदारजी आजोबांचं लिही की.” मुलगी वृद्धाश्रमात सेवेला जाई, तिथल्या एका आजोबांना इंग्रजी येत नव्हते. छातीत दुखते की पोटात, हे तिच्या मोडक्या हिंदीतून नर्सला कळले होते. तेच तिने लिहिले. पण या घोळात जूनमध्ये जाऊ शकणारा अर्ज सप्टेंबरात गेला, आणि तिकडे बहुतेक कॉलेजे अर्ज येतील तसतसे मुलाखतीला बोलावू लागतात. एकोणीसपैकी दोनच बोलावणी आली. फेब्रुवारीत त्यातल्या एका कॉलेजने प्रवेश दिला.

घरात पेढे वाटून झाले आणि दुसरे पत्र आले. शिकणे आणि राहणे मिळून वर्षाला ८५ हजार अमेरिकी डॉलर. परदेशी म्हणून अमेरिकेच्या सरकारचे शैक्षणिक कर्ज नाही. पैसे आहेत हे दाखवल्याशिवाय आय-२० हा कागद नाही, आणि तो नसेल तर विद्यार्थी म्हणून सीमा ओलांडता येत नाही. कॅनडाची बँक कर्ज द्यायला तयार होती, पण तिला वडिलांची सही हवी होती. शिवाय कॅनडाचा डॉलर अमेरिकी डॉलरपुढे तोकडा. त्या रकमेचे इकडे कितीतरी जास्त होत होते.

वडील सत्तावन्न वर्षांचे. घराचे हप्ते नुकते फिटलेले, धाकटा मुलगा अकरावीत. त्या आठवड्यात जेवताना कुणी फारसे बोलले नाही. शेवटी मुलगीच म्हणाली, “नको, बाबा. मी इथेच पुन्हा अर्ज करते.”

“तिसऱ्यांदाही नाही म्हणाले तर?”

ती गप्प राहिली. वडिलांनी विचारले ते वेगळेच. “शिकून परत येता येतं का?” येते. मान्यताप्राप्त अमेरिकन एमडीला कॅनडातल्या बहुतेक प्रांतांत रेसिडेन्सीसाठी तिथल्या पदवीधरांबरोबर अर्ज करता येतो. रेसिडेन्सी अमेरिकेत जे-१ व्हिसावर केली, तर कॅनडाच्या आरोग्य खात्याचे पत्र लागते. हे सारे तिने वहीत लिहून ठेवले होते. वडिलांनी ते पान दोनदा वाचले आणि बँकेत फोन लावला.

जुलैत तिघे गाडीने अ‍ॅम्बॅसडर पुलावर आले. कॅनडाच्या नागरिकाला पासपोर्टवर विद्यार्थी व्हिसाचा शिक्का आधी घ्यावा लागत नाही. कागद सीमेवरच पाहतात. अधिकाऱ्याने आय-२० उलटसुलट पाहिला.

“किती वर्षं?”

“चार,” मुलगी म्हणाली.

मागच्या सीटवर आई मांडीवरच्या डब्यातले लाडू मोजत होती. सात होते. तिने डबा पुन्हा घट्ट लावला.