कमरेएवढी धरणं

मुलांनो, पुण्याहून सिंहगडाला जाताना वाटेत खडकवासल्याचं धरण लागतं. तुमच्यापैकी बरेच जण तिथे थांबला असाल. पाण्याच्या कडेला गाड्यांची रांग, भाजलेलं कणीस, गरमागरम भजी, तिखटमीठ लावलेली कैरी... पण या धरणाच्या थोडं अलीकडे एक लांबच लांब कुंपण आहे, ते पाहिलंय? त्याच्या आत काय असेल, असं मी आमच्या सातवीच्या वर्गाला विचारलं. एकजण म्हणाला, "बाई, मिलिटरी." दुसरी म्हणाली, "बाई, सरकारी ऑफिस."

ऑफिस आहेच. पण आत समुद्रही आहे! शिवाय नद्या, बंदरं आणि मोठमोठी धरणं. फक्त सगळं लहान. काही धरणं तर तुमच्या कमरेएवढी!

या जागेचं नाव आहे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र. १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने पाटबंधाऱ्यांचे प्रश्न सोडवायला पुण्यात एक छोटी शाखा सुरू केली, तिचाच हा वाढलेला वृक्ष. पाण्याचे प्रयोग करायचे तर पाणी भरपूर हवं, म्हणून ते पुढे खडकवासल्याच्या पायथ्याशी आलं. धरण उशाला म्हणजे पाण्याची चिंता नाही.

रीतसर परवानगी काढून आम्ही गेलो. विमान ठेवावं एवढ्या मोठ्या शेडमध्ये शिरलो, तर समोर जमिनीवर सिमेंटचा समुद्रकिनारा. खाड्या, बेटं, खडक, सगळं जिथल्या तिथे. हे कोण करतं? शास्त्रज्ञ आराखडा देतात, पण हातात थापी असते ती गवंडीदादांची. नदीचा तळ कुठे किती खोल आहे हे आधी मोजलेलं असतं. त्या मापाचे पत्रे कापून ओळीने उभे करायचे, मधे वाळू भरायची आणि वर गुळगुळीत गिलावा करायचा. झाली नदी! आमच्या गावचे गवंडी भिंत ओळंब्यात आली की खूश असतात. इथल्या गवंड्यांना नदीचं वळण जमवावं लागतं. मला तर शास्त्रज्ञांइतकाच त्यांचाही हेवा वाटला.

आता गंमत ऐका. शंभर मीटर उंच धरणाचं मॉडेल शंभर पट लहान केलं, की ते एक मीटरचं होतं. मग त्यावरून पाणी किती सोडायचं? शंभर पट कमी? चूक!

पावसाळ्यात तुम्ही बातम्यांत ऐकता ना, 'धरणातून इतके क्युसेक पाणी सोडलं'? क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, सुमारे २८ लिटर. मॉडेलची लांबी, रुंदी, उंची तिन्ही शंभर पट कमी, म्हणजे त्यात मावणारं पाणी दहा लाख पट कमी. पण मॉडेलमधला काळही वेगळा धावतो. वीस मीटर उंचीवरून चेंडू सोडला तर खाली यायला सुमारे दोन सेकंद लागतात. वीस सेंटिमीटरवरून सोडला तर ०.२ सेकंद. उंची शंभर पट कमी झाली, वेळ मात्र दहाच पट कमी! पाण्याचंही तसंच. म्हणून मॉडेलमध्ये सगळं दहा पट झटपट घडतं, आणि दहा लाखांच्या जागी हिशेब येतो एक लाखाचा. खऱ्या धरणावरून एक लाख क्युसेकचा प्रचंड लोंढा येणार असेल, तर इथे सोडायचं फक्त एक क्युसेक. सेकंदाला दीड-दोन बादल्या! हा नियम विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याच्या नावाने ओळखला जातो. तो लहान लहान जहाजं पाण्यात ओढून मोठ्या जहाजांचा अंदाज बांधायचा.

एवढ्याशा पाण्याकडून काय कळतं? उंचावरून पाणी पडतं तेव्हा ते खाली खड्डा करतं. पागोळ्यांखाली अंगणात ओळीने खळगे पडलेले पाहिलेत ना? धरणाच्या सांडव्यावरून येणारं पाणी तसाच खड्डा पायथ्याशी करू लागलं तर धरणाचा पाया उघडा पडेल. त्यावर एक युक्ती आहे, आणि ती तुम्ही घरी करून आईची बोलणी खाल्लेली आहेत. वाहत्या नळाखाली चमचा धरला की पाणी कुठे जातं? अंगावर! सांडव्याच्या घसरगुंडीला खालच्या टोकाशी चमच्यासारखा वर वळवलेला ओठ दिला, की पाणी उडी मारून लांब जाऊन पडतं. खड्डा पडायचा तो तिकडे पडू दे. पण ओठ किती वळवायचा? जास्त झालं, कमी झालं, तर खऱ्या धरणात ते दुरुस्त कसं करणार? इथे मात्र संध्याकाळी फोडायचं आणि पुन्हा घालायचं.

मुंबई आणि न्हावा-शेवा बंदरांचा अभ्यासही इथे मॉडेल करून झाला. भरती-ओहोटीचं एक चक्र खऱ्या समुद्रात साधारण साडेबारा तासांचं. शंभर पट लहान मॉडेलमध्ये ते सव्वा तासात उरकतं. गाळ कुठे साचेल, लाटा धक्क्यावर कशा आपटतील, हे आधी इथे पाहायचं. आता बरंचसं काम संगणकावर होतं, तरी मॉडेलं सुटलेली नाहीत.

आणि एक. क्लॉड इंग्लिस हे या केंद्राचे संचालक होते. स्वातंत्र्याच्या सुमारास ते परत गेले आणि इंग्लंडच्या नव्या जलसंशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले. म्हणजे खडकवासल्यात शिकलेलं पाणी तिकडे गेलं म्हणायचं!

सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात आमच्या वर्गातल्या एकीने विचारलं, "मग पानशेत कसं फुटलं?"

मला माझी आजी आठवली. १२ जुलै १९६१, बुधवार. आजी तेरा वर्षांची होती, नारायण पेठेत राहायची. पाणी येतंय, पाणी येतंय, अशी ओरड झाली आणि धाकट्या भावाला कडेवर घेऊन ती पर्वतीकडे पळाली. परत आली तेव्हा वाड्याच्या खालच्या मजल्यावर नुसता चिखल. तिची दप्तराची पिशवी कुणा दुसऱ्याच्या कोनाड्यात सापडली. आजी अजून जोराच्या पावसात झोपत नाही.

पानशेत खडकवासल्याच्या वरच्या अंगाला. म्हणजे जिथे देशभरच्या धरणांची मॉडेलं होत होती, त्याच गावाच्या डोक्यावरचं धरण फुटलं! त्या लोंढ्यापुढे एकोणिसाव्या शतकातलं खडकवासल्याचं दगडी धरणही टिकलं नाही. मात्र फुटण्याआधी त्याने काही तास पाणी थोपवलं. त्या तासांत कितीतरी लोक उंचावर पोचले. माझी आजीही.

आम्हाला माहिती देणारे काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "मॉडेलला जे विचारू, तेवढंच ते सांगतं." पानशेतचं धरण मातीचं, काम अजून अपुरं होतं. पाऊस जोराचा झाला, धरण भरत गेलं. पाणी बाहेर सोडायच्या मार्गावरचा मातीचा भराव खचू लागला. जवानांनी रात्रभर वाळूच्या गोण्या रचल्या. पण मातीच्या धरणावरून एकदा पाणी वाहू लागलं, की ते धरण कापत सुटतं. यात सांडव्याच्या ओठाचा प्रश्नच नव्हता. अपुऱ्या कामावर पाणी चढलं होतं.

शिवाय सगळंच लहान करता येत नाही, हेही काकांनी दाखवलं. वाळूचा कण शंभर पट लहान केला तर ती वाळू राहत नाही, पीठ होतं, आणि पीठ पाण्यात चिकटतं. म्हणून गाळाच्या प्रयोगांत कधी कोळशाची पूड वापरतात, कारण ती हलकी असते आणि पाण्याबरोबर वाहते. पाण्याचा थेंब तर लहान व्हायला तयारच नसतो. त्यामुळे मॉडेल हवं तितकं चिमुकलं करून चालत नाही. शेड एवढी मोठी का, ते तेव्हा आम्हाला कळलं.

घरी येऊन आजीला सगळं सांगितलं. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा ती टीव्हीसमोरून हलली नव्हती. लाख क्युसेक म्हणजे तिथे दीड-दोन बादल्या, असं मी म्हटलं, तर तिने मोरीतल्या बादलीकडे पाहिलं आणि विचारलं, "आणि माणसं? ती करतात का त्यात लहान लहान?"

मी म्हटलं, नाही गं. घरं असतात कधी कधी, ठोकळ्यांची.

तुम्हाला जायचं असेल तर बाईंना किंवा सरांना सांगा. शाळेच्या शिक्क्याचं पत्र आधी पाठवावं लागतं. पायात घट्ट चपला घाला, मॉडेलांभोवती ओलं असतं. आणि कणीस परत येताना खा. आमची आठ मुलं जाताना खाऊन आत पाणी मागत होती, चहूकडे पाणी असून!