बोटीच्या दिवशीं बंदरावर केव्हां पोंचावें?

आमच्या मराठवाड्यास समुद्र नाहीं. नावेंतून गोदावरी ओलांडणें एवढाच आमचा जलप्रवास. म्हणून दिवाळीच्या सुटींत आईला आगबोटीनें मुंबईहून गोव्यास न्यावें असें ठरतांच पहिला वाद उठला तो वेळेचा. लातूरचे दाजी म्हणाले, “रात्रीं आमच्या लातूर एक्सप्रेसमध्यें बसा, सकाळीं मुंबई, बोट सायंकाळीं सुटते. एका रात्रीचें लॉजभाडें वांचेल.” हिशेब खोटा नव्हता. 1911 सालीं लातुरास बार्शी लाइट रेल्वे आली, तेव्हां मुंबईसाठीं कुर्डुवाडीस गाडी बदलावी लागे. त्या मानानें आजची गाडी म्हणजे पालखीच.

परंतु बोटीचा प्रवेश ती सुटण्याच्या बऱ्याच आधीं बंद होतो. मुलांनो, घंटेनंतर धांवत येणाऱ्यांस आम्ही आंत घेतों. बंदरावर तसें कोणी घेत नाहीं. बोरघाटांत एखादी मालगाडी घसरली कीं भाडें बुडालें, आणि सत्तर वर्षांत समुद्र न पाहिलेल्या आईचा हिरमोड निराळाच. 1928 सालीं सुरू झालेली फ्रंटियर मेल विलायतेच्या बोटीवरील उतारूंना बॅलार्ड पिअरवरूनच घेऊन निघे. आमच्या गाडीसाठीं बोट थोडीच थांबणार!

शेवटीं आदल्या दिवशीं सकाळीं नांदेडहून तपोवन एक्सप्रेसनें निघण्याचें ठरलें. ती रात्रीं मुंबईस पोंचते. उशीर झालाच तर झोप तेवढी कमी. मात्र पहांटेपासून धक्क्यावर बसणेंही व्यर्थ. नेमून दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधीं गेलें कीं पुरे. बोरीबंदराहून बॅलार्ड पिअर दूर नाहीं.

दाजी अद्याप लॉजभाड्याचा आंकडा सांगतात. आईनें काल नवें लुगडें पिशवींत भरलें.