झडपेचे ठिकाण

इकोच्या खोलीतील दिवा मंद करून, छातीवर थंड जेली लावून मी प्रोब टेकवतो तेव्हा मॉनिटरवर हृदयाचे चारही कप्पे उमटतात. त्यांतील उजव्या बाजूच्या त्रिदल झडपेची मधल्या पडद्यालगतची पाकळी डावीकडच्या झडपेपेक्षा हृदयाच्या टोकाकडे किंचित खाली बसलेली असते, आणि ही निसर्गाचीच व्यवस्था होय. हे ‘किंचित’ म्हणजे नेमके किती, हा प्रश्न उमेदवारीच्या काळात मला कधी पडलाच नाही.

विल्हेल्म एबस्टाइन यांना तो पडला होता. ब्रेस्लाऊ येथे 1866 साली, धाप आणि धडधड यांनी गांजून वारलेल्या एका 19 वर्षांच्या मजुराच्या हृदयाचे त्यांनी जे काटेकोर वर्णन केले त्यामुळे ही दुर्मीळ विकृती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. गर्भावस्थेत झडपेच्या या पाकळ्या स्नायूच्या भिंतीपासून सालीसारख्या सुटून यावयाच्या असतात. येथे ते सुटणे अर्धवट राहते, पडद्यालगतची पाकळी खोलवर चिकटून बसते, पुढची पाकळी बहुधा शिडासारखी लांबलचक होते, आणि खालच्या कप्प्याचा मधला मुलूख वरच्या कप्प्याच्या अंमलाखाली जातो. एबस्टाइन यांच्यापाशी सुरी आणि डोळे एवढेच होते. ध्वनिलहरींनी जिवंत हृदयाची हालचाल टिपण्यात लुंडच्या एडलर आणि हर्ट्झ यांना यश आले ते 1953 साली. माझ्यापाशी मात्र सर्व काही होते.

सतरा वर्षांच्या एका मुलीला तिचा मामा घेऊन आला. “डॉक्टरसाहेब, जिना चढली की दमते, आणि ओठ निळे पडतात हिचे,” अशी त्याची कैफियत. वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यात मला छिद्र सापडले, उजवी बाजू फुगलेली दिसली, आणि एका कारणाने सर्व कार्य उलगडल्याच्या समाधानात मी रिपोर्टावर सही ठोकली. मामालाही हायसे वाटले. छिद्र बुजवता येते, हे त्याला ठाऊक होते.

पण साध्या छिद्रातून रक्त डावीकडून उजवीकडे वाहते, आणि त्या वयात त्याने ओठ निळे पडण्याचे सहसा कारण नसते. मामाची जबानी माझ्या यंत्रापेक्षा खरी होती, आणि मी ती दप्तरदाखल करून मोकळा झालो होतो. आठवड्याने माझ्या वरिष्ठांनी तीच तपासणी पुन्हा केली. प्रोब तिरका धरला तर पाकळी कोठे चिकटली आहे ते नीट कळत नाही, म्हणून हृदयाचे टोक बरोबर समोर येईतो त्यांनी तो एकेक अंश फिरवला, चित्र गोठवले, आणि एका झडपेच्या बिजागरीपासून दुसरीच्या बिजागरीपर्यंत रेघ ओढली. छिद्र खरेच होते; परंतु एबस्टाइनच्या विकृतीत असे छिद्र बहुतेकदा सोबतीला असते, आणि उजवीकडे तुंबलेल्या रक्ताची ती एक वाटही असते. माझ्या रिपोर्टावर विसंबून कोणी केवळ ती वाट बंद केली असती तर दुबळ्या उजव्या कप्प्यावर काय प्रसंग ओढवला असता, याचा विचार मी आजही टाळतो.

दोन झडपांच्या बिजागऱ्यांमधील हे अंतर शरीराच्या पृष्ठफळाने भागून चौरस मीटरमागे 8 मिलीमीटर वा त्याहून अधिक भरले, तर निदान ठरते. त्या मुलीचे अंतर 22 मिलीमीटर होते, पृष्ठफळ 1.4, भागाकार जवळजवळ 16.