धुराच्या गाळणीला तिचा वेळ द्या



आमच्या हिमायतनगरला जुनी माणसे अजून वाढोणाच म्हणतात. या भागात ट्रॅक्टर किती काळा धूर ओकतो, यावरून त्याची ताकद मोजायची रीत होती. नांगर ढेकळात अडला की नळकांड्यातून काळा लोट निघायचा आणि बांधावरची मंडळी म्हणायची, "लय जोर आहे गड्यात!" खरे तर तो जोर नव्हे. ते अर्धवट जळलेले डिझेल, म्हणजे मालकाच्या खिशातले पैसे. परभणीला कृषी महाविद्यालयात शिकलो तेव्हापासून हे मी गावोगाव सांगत आलो आहे.

आता काळ बदलला. १ एप्रिल २०२० पासून रस्त्यावरच्या नव्या डिझेल गाड्यांना बीएस-६ चे नियम लागू झाले. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांनाही धुराचे कडक नियम आले. त्यामुळे पिकअपला आणि काही मोठ्या ट्रॅक्टरांना धुराची गाळणी बसून येते. कंपनीवाले तिला डीपीएफ म्हणतात. गावातल्या ३५-४५ अश्वशक्तीच्या बहुतेक ट्रॅक्टरांना ती नाही. पण अमेरिकेत २५ अश्वशक्तीच्या वरच्या छोट्या ट्रॅक्टरांनाही २०१३ पासून असेच नियम आहेत आणि तिथल्या पुष्कळ छोट्या ट्रॅक्टरांवर ही गाळणी असते. म्हणजे आज ना उद्या आपल्यालाही तिच्याशी संसार करावा लागणार.

ही गाळणी म्हणजे मधमाशीच्या पोळ्यासारखी भोके असलेला चिनी मातीसारखा ठोकळा. एक भोक पुढून बंद, तर शेजारचे मागून बंद. धुराला मधल्या भिंतीतून पाझरून जावे लागते, आणि काजळी आतच अडकते. अडकलेली काजळी साठत गेली तर गाळणी तुंबणार, म्हणून ती जागच्या जागी जाळावी लागते. याला रिजनरेशन म्हणतात. नाव अवघड आहे, पण आपल्या घरातल्या बायकांनी हे रोज पाहिलेले आहे. चुलीवर भाकरीचा तवा चांगला तापला की त्याच्या बुडाची काजळी ठिणग्या ठिणग्या होऊन जळते. आपण म्हणतो, "तवा हसला, पाहुणे येणार." गाळणीतही तेच होते. तवा मंद जाळावर हसत नाही, आणि गाळणीही गार इंजिनावर साफ होत नाही.

माझ्या पुतण्याने कर्ज काढून ५५ अश्वशक्तीचा असा गाळणीवाला ट्रॅक्टर घेतला. उन्हाळ्यात त्याचे काम काय, तर पाण्याचा टँकर ओढणे, आखाड्यावर खताची खेप टाकणे, आणि विहिरीवर गप्पा मारताना इंजिन तसेच चालू ठेवणे. दहा मिनिटे चालवायचा, बंद करायचा. इंजिन तापायच्या आत काम संपे. मधूनच डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागायचा. ट्रॅक्टर आपोआप काजळी जाळायला सुरुवात करायचा, तर हा किल्ली फिरवून मोकळा. एक दिवस हसत मला म्हणाला, "काका, आपला ट्रॅक्टर तेल खात नाही, उलट वाढवतो! काडी लावली तर खुणेच्या वर!"

मला हसू आले नाही. गाळणी तापवण्यासाठी इंजिन जास्तीचे डिझेल सोडते. काम अर्धवट तोडले, तेही पुन्हा पुन्हा, तर त्यातले काही डिझेल सिलिंडरच्या कडेने खाली तेलात उतरते. तेल वाढलेले दिसते, पण ते पातळ झालेले असते. पातळ तेलावर इंजिन झिजते. मी त्याला त्याच दिवशी तेल बदलायला सांगितले. त्याने "बघू" म्हटले.

सोयाबीनच्या मळणीत व्हायचे ते झाले. लाल दिवा लागला आणि ट्रॅक्टरची ओढच गेली. वर आभाळ भरलेले, खळ्यावर ढीग उघडा, हप्ता तोंडावर. कुणीतरी एका मिस्त्रीला बोलावले. तो म्हणाला, "मालक, ही जाळीच काढून टाकू. आतून पोकळ करतो, कटकट मिटेल." पुतण्या तयार झाला. तेवढ्यात वहिनी पुढे आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, जाळी काढल्यावर ती काजळी जाईल कुठं?"

मी म्हणालो, "थ्रेशरवर पेंढ्या देणाऱ्यांच्या छातीत."

वहिनींची निम्मी हयात चुलीपुढे फुंकणी घेऊन गेली. खोकला त्यांना सांगावा लागत नाही. त्या मिस्त्रीला म्हणाल्या, "चहा घे बाबा, आन जा." जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणारा ठरवला आहे. शिवाय गाळणी काढणे नियमाबाहेर, आणि वॉरंटीही जाते. शेवटी कंपनीचा माणूस आला, संगणक जोडून त्याने गाळणी जाळून साफ केली. गाळणी वाचली, पण दोन दिवस गेले आणि त्यात अर्धा ढीग भिजला. भिजलेल्या मालाला बाजारात काय भाव मिळतो, ते तुम्हाला मी काय सांगावे?

म्हणून हात जोडून काही गोष्टी सांगतो.

इंजिन रिकामे चालू ठेवू नका. नांगर, रोटाव्हेटर अशा भारी कामात गाळणी पुष्कळशी आपसूक साफ होते. हलकेच काम असेल तर अधूनमधून अर्धा तास तरी ट्रॅक्टर चांगल्या भारावर चालवा.

रिजनरेशनचा दिवा लागला की किल्लीला हात लावू नका. वीस-तीस मिनिटे, कधी थोडा जास्त वेळ, ट्रॅक्टरला काम पुरे करू द्या. उभ्याने करायचे बटन असेल तर आधी पुस्तिका वाचा, नसेल वाचता येत तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या.

मात्र ते कुठे करता, हे त्याहून महत्त्वाचे. त्या वेळी गाळणीच्या आत साधारण ६०० अंश सेल्सियस उष्णता असते आणि नळकांड्यातून एरवीपेक्षा कितीतरी गरम हवा निघते. कडब्याची गंजी, पऱ्हाटीचा ढीग, कापसाची खोली, गोठा यांच्याजवळ ट्रॅक्टर उभा करून हे कधीही करू नये. मोकळ्या, उघड्या जमिनीवर करा, आणि पोरांना लांब ठेवा. खळ्यात भुसकटाशेजारी दिवा लागला तर थांबवण्याचे बटन दाबा, ट्रॅक्टर मोकळ्यावर न्या आणि मग करू द्या.

तेल पुस्तिकेत सांगितले तेच घाला. साध्या तेलाची राख गाळणीत लवकर साठते, आणि राख कितीही तापवली तरी जळत नाही. डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नका. तेलाची काडी दर आठवड्याला पाहा. तेल कमी झाले तर काळजी कराच, पण वाढले तर जास्त करा.

एक शेवटचे. काही पिकअप-ट्रकांना डीईएफ नावाचे पाणी लागते. त्यात युरिया असतो हे ऐकून एकाने मला गोणीतला युरिया चालेल का, असे विचारले. चालणार नाही. ते शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया मिसळून केलेले असते. आपल्या गोणीतला युरिया निंबोळी तेल लावलेला असतो. तो पिकालाच घाला.

बैल दमला की आपण जू उतरवून त्याला सावलीत बांधतो, वैरण-पाणी करतो. तेव्हा घाई करत नाही. या यंत्राला फक्त अर्धा तास हवा असतो, आणि तो मागताना ते दिवा लावून सांगते. तेवढा त्याला द्या. खळ्यावर उभ्या असलेल्या घरच्या माणसांची छातीही त्यात राखली जाते.