फियाटला एसी बसवण्याआधी

नातेपुत्यात, पुणे-पंढरपूर रस्त्याला, माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. ट्रॅक्टर, उसाचे ट्रक, पिकअप, बोलेरो ही रोजची कामं. पण अलीकडे एक वेगळं गिऱ्हाईक वाढलं आहे. गोठ्याशेजारच्या शेडात ताडपत्रीखाली कित्येक वर्षं उभी असलेली वडिलांची फियाट, आजोबांची अँबेसेडर किंवा शेतावरची महिंद्रा जीप बाहेर निघते, डेंटिंग-पेंटिंग होते आणि मग वायरिंगला माझ्याकडे येते. मालकाची मागणी बहुतेक ठरलेली असते. एसी बसवा, काचा बटणावर करा, मोबाईल चार्ज झाला पाहिजे, गाणी लागली पाहिजेत, दिवे जरा पांढरे टाका.

या मागणीत मला काहीही वावगं वाटत नाही. चैत्र-वैशाखात आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो. घरातली म्हातारी माणसं आणि लहान मुलं ज्या गाडीत बसायला तयार होत नाहीत, ती गाडी पुन्हा शेडात जाते. उभ्या गाडीची रबरं वाळतात, टाकी गंजते, ब्रेकचे सिलिंडर अडकतात. गाडी टिकवायची तर ती चालली पाहिजे, आणि चालायची तर तिच्यात बसावंसं वाटलं पाहिजे. म्हणून जुन्या गाडीला नव्याचा हातही लागू नये, हे मत मला पटत नाही. माझा आग्रह क्रमाचा आहे. सोय शेवटी बसवायची असते. आधी त्या सोयीचा भार पेलणारं काम करावं लागतं, आणि ते काम बाहेरून दिसत नाही म्हणून त्याला पैसे द्यायला कुणी राजी नसतं.

फियाटचंच उदाहरण घेतो, कारण आमच्या भागाचं तिच्याशी नातं आहे. ती बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी केली. त्यांचा जन्म १८८२ सालचा, सोलापूरचा. नातेपुत्याहून उत्तरेला निघून नीरा ओलांडली की इंदापूर तालुक्यात त्यांच्या नावाचं वालचंदनगर लागतं. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकी गाड्या निघाल्या, मग फियाट आली. १९६४ पासून जी ११०० तिथे बनू लागली, तिलाच १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळालं आणि या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिचं उत्पादन चाललं. मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर गेली. १०८९ सीसीचं इंजिन, सुमारे ४० हॉर्सपॉवर, स्टिअरिंगला हँड गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. ज्यांनी ही गाडी आखली त्यांच्या हिशोबात हेडलाइट, वायपर, हॉर्न, इंडिकेटर आणि इंजिनचं इग्निशन एवढंच होतं. वीज त्या मापाची, वायर त्या मापाची, रेडिएटरही त्याच मापाचा.

आता विजेचा हिशोब मांडून पाहा. जुन्या फियाटचा डायनामो जोरात फिरताना फार तर वीसेक अँपिअर देतो. एसीचा ब्लोअर दहा ते पंधरा अँपिअर ओढतो, कंडेन्सरचा पंखा आठ-दहा, कॉम्प्रेसरचा क्लच तीन-चार. हेडलाइटचे दहा, वायपर आणि इग्निशन मिळून सात-आठ, मागचे दिवे वेगळे. पावसातल्या रात्री हे सगळं एकदम चालू असतं आणि बेरीज पन्नासाच्या आसपास जाते. विहिरीला पाणी किती आहे ते पाहून शेतकरी मोटर घेतो. गाडीच्या बाबतीत मात्र लोक आधी मोटर आणतात. त्यात डायनामोचा स्वभाव असा, की इंजिन मंद चालत असताना तो जवळपास काहीच देत नाही. आषाढात माउलींची पालखी बरडहून नातेपुत्याला येते तेव्हा इथल्या रस्त्यावर वाहनं तासन् तास पहिल्या गिअरमध्ये सरकत असतात. डायनामोवरच्या गाडीत तेव्हा वायपर, दिवे, ब्लोअर सगळं बॅटरीवर चालतं. बॅटरी बसली की सेल्फ मारला तरी नुसता टकटक आवाज येतो.

म्हणून पहिला खर्च अल्टरनेटरचा. आमच्याकडे बहुतेक जण मारुतीचा बसवतात. तो आकाराने लहान आहे, भंगार बाजारात आणि नव्या दुकानात दोन्हीकडे मिळतो आणि मंद इंजिनवरही चार्जिंग देतो. ब्रॅकेट वेगळं करून घ्यावं लागतं आणि पट्टा सरळ रेषेत बसला पाहिजे. डायनामोचा जुना कटआउट चार्जिंगच्या वाटेतून काढायचा, कारण अल्टरनेटरचा रेग्युलेटर त्याच्या पोटातच असतो. बॅटरीकडे जाणारी जुनी वायर तशीच ठेवली तर वाढलेला करंट तिलाच जाळतो. तिथे जाड वायर आणि फ्यूज हवाच. जुन्या ब्रिटिश वळणाच्या गाड्यांना हात लावण्याआधी अर्थिंग कुठल्या टोकाला आहे ते तपासावं. त्यांतल्या अनेकींत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. तिथे आजचा स्टिरिओ किंवा चार्जर नेहमीसारखा जोडला तर त्याच क्षणी जातो. आणि मूळच्या विलिस जीपची वीज बाराऐवजी सहा व्होल्टची. तिच्यावर बारा व्होल्टचं काहीही चालणार नाही. आधी संपूर्ण गाडी बारावर न्यावी लागते.

अर्थिंगबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांतले निम्मे दोष तिथेच असतात. नवा रंग मारताना अर्थिंगच्या जागेवरही रंग बसतो आणि इंजिनपासून बॉडीपर्यंतची जाळीदार पट्टी कुणीतरी काढून ठेवलेली असते. मग करंट परतीची वाट शोधतो, कधी चोकच्या तारेतून, कधी अ‍ॅक्सिलेटरच्या केबलमधून, आणि ती केबल तापून अडकते. रंग घासून पत्रा उघडा करणं, तिथे थिंबल घट्ट कसणं, वर ग्रीस लावणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. अल्टरनेटरखालोखाल मी हेच करतो.

तिसरं काम दिव्यांचं. गिऱ्हाईक म्हणतं, उजेड कमी आहे, एलईडी टाका. मी आधी बल्बच्या टोकाला मीटर लावून दाखवतो. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीपासून स्विचपर्यंत, स्विचपासून डिपरपर्यंत आणि तिथून बल्बपर्यंत जुन्या बारीक वायरीतून फिरून येतो. वाटेत दीड-दोन व्होल्ट सहज खर्ची पडतात. फिलामेंटच्या बल्बचं गणित कडक आहे. व्होल्टेज १० टक्के घटलं तर उजेड सुमारे ३० टक्के घटतो. उपाय साधा आहे. दोन रिले बसवायचे, एक डिमला आणि एक अप्परला. बॅटरीवरून फ्यूज घालून थेट वायर बल्बला द्यायची आणि जुन्या स्विचने फक्त रिले चालवायचा. ६०/५५ वॉटचा साधा हॅलोजन बल्ब मग असा पेटतो की मालकाचा विश्वास बसत नाही. स्विचही तापत नाही आणि मूळचा स्विच कायम राहतो. एलईडी बल्ब मी फियाटच्या हेडलाइटमध्ये घालत नाही. तिचा गोल रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेनुसार आखलेला आहे. तिथे दुसरा प्रकाश ठेवला की झोत विस्कटतो आणि समोरून बैलगाडी किंवा उसाचा ट्रॅक्टर घेऊन येणाऱ्याचे डोळे दिपतात. आतल्या छताच्या दिव्याला एलईडी खुशाल घाला.

एवढं झालं की एसीबद्दल बोलता येतं. चाळीस हॉर्सपॉवरच्या इंजिनातून कॉम्प्रेसर तीन ते पाच हॉर्सपॉवर घेतो, म्हणजे दहावा हिस्सा गेला. सपाट रस्त्याला तो जाणवत नाही. शिखर शिंगणापूरचा चढ लागला आणि गाडीत चार माणसं असली की जाणवतो. अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबला की कॉम्प्रेसरचा क्लच आपोआप सुटेल असा छोटा स्विच मी कार्बोरेटरच्या दांड्याला लावतो, आणि एसी चालू झाल्यावर इंजिनचा मंद वेग थोडा वाढवणारी व्हॅक्यूमची डबी. या दोन गोष्टी नसतील तर गाडी प्रत्येक चौकात बंद पडते आणि नाव फियाटचं खराब होतं. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो, म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच गरम होऊन येते. म्हणून रेडिएटर उघडून साफ करून घेणं, पंख्याला कव्हर करणं आणि साध्या पाण्याऐवजी कूलंट भरणं हे एसीच्या खर्चातच धरावं. गाडीत जुना एसी असेल तर त्यातला आर-१२ गॅस ओझोनच्या कारणाने केव्हाच बंद झाला. आजच्या आर-१३४ए ला पाइप, तेल आणि ड्रायर वेगळे लागतात. आणि पत्र्याचं छत, दरवाज्यांची वाळलेली रबरं, गिअरबॉक्सवरची उघडी भोकं तशीच असतील तर कितीही मोठा एसी आतलं गार करू शकणार नाही. छताखाली आणि पायाखाली उष्णतारोधक थर द्या, रबरं नवी घ्या. हे केल्यावर काहींनी एसीचा विचारच सोडून दिला, कारण पुढच्या तिरप्या काचा उघडल्या की फियाटमध्ये वारा फार छान खेळतो.

आता पेट्रोल. २०२३ पासून पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आणि दोनेक वर्षांत ते जवळपास सगळीकडे झालं. त्या इथेनॉलचा ऊस आमच्याच शिवारात उभा आहे. त्याला नाव ठेवण्याचं मला कारण नाही. पण फियाटचे पेट्रोल पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम त्यासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, मग चिरतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाला बसून गंज धरतं. उन्हाळ्यात वाटेत पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडणं जुन्या चालकांना ठाऊक होतंच. पंपावर ओलं फडकं टाकून ते पुढे निघायचे. कायमचा उपाय म्हणजे इथेनॉल सोसणारे पाइप, कार्बोरेटरखाली उष्णता अडवणारा जाड पॅकिंग-ठोकळा आणि टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप. मात्र असा पंप थेट चावीवर जोडू नये. ऑइल प्रेशर स्विचमधून जोडला तर इंजिन बंद पडताच पंपही थांबतो. अपघातात पाइप तुटला आणि पंप पेट्रोल ओततच राहिला तर काय होईल, हे सांगायला नको. हा स्विच मी गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडत नाही.

ब्रेकचं काम माझं नाही, ते मी शेजारच्या मिस्त्रीकडे पाठवतो. पण पाठवतोच. अनेक जुन्या फियाटमध्ये ब्रेकची एकच लाइन चारही चाकांना जाते. एक पाइप फुटला की सगळे ब्रेक गेले. पालखी मार्ग आता चौपदरी झाला आहे, त्यावर मागची पुढची वाहनं ज्या वेगाने धावतात त्यात ड्रम ब्रेकची फियाट सापडते. दुहेरी लाइनचा मास्टर सिलिंडर, व्हॅक्यूम बूस्टर आणि पुढच्या सीटना पट्टे, एवढं झाल्याशिवाय गाण्याच्या यंत्रणेवर खर्च करू नये, असं मी तोंडावर सांगतो.

कायद्याचंही भान हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलाला छेद देणारा बदल परस्पर करता येत नाही. इंजिन, इंधन, रंग, आसनं यांतलं काही बदलायचं तर आधी आरटीओ. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांना व्हिंटेजची वेगळी नोंदणी दिली. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, दहा वर्षांची मुदत, शुल्क २०,००० रुपये. १९७४ ची पद्मिनी आता या वयात बसते. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. आणि अशी गाडी रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांनीच रस्त्यावर आणता येते. घरच्या लग्नाला एसी लावून जायचं असेल तर साधीच नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवत राहा. पण उद्या तुमच्या मुलाला व्हिंटेज नोंदणी करावीशी वाटली तर तो दरवाजा आज तुम्ही बंद करू नका.

माझं मत इथेच ठरलेलं आहे. जे काढल्यावर गाडी पूर्ववत होते तेवढंच बसवावं. जुन्या रेडिओच्या तोंडामागे ब्लूटूथचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर मावतो, डॅशबोर्ड कापावा लागत नाही. मोबाईलचा चार्जर ग्लोव्ह बॉक्सच्या आत बसतो. डेल्कोमध्ये पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसतं, झाकण लावलं की कळतही नाही आणि सकाळी गाडी पहिल्या सेल्फला उठते. बटणाच्या काचांचा मी आग्रह धरत नाही. दरवाजा आतून कापावा लागतो आणि सोय मिळते ती हात फिरवण्याच्या चार वेढ्यांची. फियाटचा पत्रा आता कुठल्याही कारखान्यात निघत नाही, म्हणून त्याला पाडलेलं प्रत्येक भोक कायमचं.

तुमच्या घरी अशी गाडी असेल तर दोन गोष्टी करा. काढलेला डायनामो, कटआउट, पॉइंट, जुना स्विच, काचेचं हँडल, सगळं तेल लावून एका पेटीत घरीच ठेवा, भंगारात घालू नका. आणि काम झाल्यावर वायरमनकडून नव्या वायरिंगचा नकाशा मागून घ्या, कुठली वायर कुठल्या फ्यूजमधून जाते त्यासकट, हाताने काढलेला चालेल. जो नकाशा देणार नाही, त्याच्याकडे गाडी सोडू नका.