मेलेल्या कोंबडीचे आतडे

पावसाळा लागला की टोकावड्यापासून माळशेजच्या पायथ्यापर्यंत गावठी कोंबड्यांना हगवण लागते, आणि बहुतेक घरांत तिला मानमोडीच म्हणतात. उपायही ठरलेला: दुकानातली प्रतिजैविकाची पुडी पाण्यात घालायची. माझे मत असे, की पुडी फोडण्याआधी मेलेल्या कोंबडीचे शवविच्छेदन व्हावे आणि आतडे पूर्ण लांबीने उघडून, धुऊन पाहिले जावे. आतड्यातला व्रण हे रोगाचे नाव नव्हे. तो कुठे आणि कसा आहे यावर सगळे ठरते. ग्रंथीजठरावर रक्ताचे बारीक ठिपके आणि आतड्यात गोल, उठावदार व्रण असतील तर संशय मानमोडीचा. ती विषाणूची, तिच्यावर प्रतिजैविक चालत नाही. लासोटाची लस आधीच दिलेली हवी. आंधळ्या आतड्यांत रक्त साकळले असेल तर रक्ती हगवण. ती ओल्या खुराड्यात पसरते, तिला अँप्रोलियमसारखे औषध लागते. लहान आतड्यात पिवळट कडांचे खोल व्रण, यकृतावर पिवळे डाग आणि सुजलेली प्लीहा दिसली, तर क्लॉस्ट्रिडियम कोलिनम या जिवाणूचा विचार करावा. प्रतिजैविकाचा खरा उपयोग इथे. हा जिवाणू अनेकदा रक्ती हगवणीने सोललेल्या आतड्यातच घर करतो, म्हणून पुडीने कोंबड्या सावरल्या तरी खुराडे ओलेच राहिले तर आजार परततो.

नुसते डोळे फसवतात, हा आक्षेप मला मान्य आहे. उदाहरणार्थ, शेळ्यामेंढ्यांच्या तोंडात आणि आतड्यात व्रण करणारा पीपीआर भारतात 1987 साली तमिळनाडूत ओळखला गेला. तोवर असे आजार गुरांच्या बुळकांडीच्या खाती जात. बुळकांडी 2011 साली जगातून संपल्याचे जाहीर झाले, पीपीआर मात्र आजही शेळ्या मारतो. दोन्हींचे व्रण इतके सारखे, की अखेरचा निवाडा प्रयोगशाळेचाच. पण पुण्याच्या रोग अन्वेषण विभागाकडे काय पाठवायचे, हे उघडलेले आतडेच सांगते. कुजलेल्या नमुन्यातून तिथेही काही निघत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये शेजारच्या शहापूर तालुक्यात वेहळोलीला बर्ड फ्लू निघाला आणि एक किलोमीटरच्या आतल्या हजारो कोंबड्या माराव्या लागल्या. मानमोडी आणि बर्ड फ्लू बाहेरून वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून घरी सुरी कुणीच चालवू नये, हे काम पशुवैद्यकाचे. रात्रीत बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, तोंडे सुजली, तर त्यांना हातही न लावता गुरांच्या दवाखान्यात फोन करावा. एखाददुसरी मेली तर हाताला पिशवी बांधून ती उचला, दुहेरी पिशवीत घाला आणि उकाड्यात आतडे सडायच्या आत दवाखान्यात पोहोचवा. ओढ्यात फेकू नका, कुत्र्यांपुढे टाकू नका, आणि आजारी कोंबडी कापून खाऊ नका.