पांढऱ्या मोत्याचे तांबूस पंजे

अमरावतीच्या आमच्या घरातील पांढरा मोत्या पावसाळ्यात काळ्या मातीने करडा होतो. तो रंग पाण्याने जातो. पंजांवरची तांबूस छटा मात्र धुऊनही हटत नाही. कुत्र्याच्या लाळेत व अश्रूंत पॉर्फिरिन हे रंगद्रव्य असते. एकच जागा सतत चाटली की ते केसांत मुरते. मुक्या जिवाने खाज सांगायची तरी कशी? गोचीड, पिसवा, बुरशी वा ॲलर्जी, काहीही असू शकते. आपली दृष्टी मंदावली असेल, तर बोटांनी केस बाजूला करून त्वचा चाचपावी. डाग घालविण्यासाठी ब्लीच मुळीच लावू नये. अकोल्यात पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था आहे. जवळचा पशुवैद्यकही चालेल. खाज थांबली की मुळाशी पांढरे केस येतात. रंगलेले वाढून कापावेच लागतात.